उघड्या बाटलीवर बोलू नये

आमच्या प्रयोगशाळेत शिरलं की समोरच्या भिंतीवर इथल्या प्रमुख बर्वे मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी दिसते. ‘उघड्या बाटलीवर बोलू नये. तुमचा श्वास मातीच्या नावावर लागतो.’ येणारे लोक पाटीचा फोटो काढतात, कुठल्याशा ग्रुपवर टाकतात, आणि मग नेमके उघड्या बाटलीवर वाकून विचारतात, “म्हणजे काय हो?”

सहा वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी पहिल्यांदा आले तेव्हा पाटी वाचूनच मला ही जागा आवडली. न बोलणं हा जिथे कामाचा भाग आहे अशी जागा पुण्यात सहज मिळत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी फक्त घरात, आणि घरातही मी फार बोलणारी नव्हते. या अंकाच्या संपादिका आईच्या मैत्रीण आहेत. “तुझ्या कामाबद्दल लिही” असं त्या म्हणाल्या तेव्हा मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते जास्त लांबलं असतं.

काम असं. आम्ही मातीचा श्वास मोजतो. चमचाभर मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. ते पाचोळा खातात, मेलेली मुळं खातात, आणि आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. त्यांना एकेक करून मोजणं अवघड, पण त्यांचा श्वास मोजता येतो. त्यावरून मातीत जीव किती आहे आणि तो किती कामाला लागलाय, याचा अंदाज येतो.

त्यासाठी रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यायची, घरी लोणच्याची असते तशी. तिच्यात मोजून ओलसर माती घालायची. मातीवर एक छोटी उघडी बाटली ठेवायची, तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी. बरणीचं झाकण घट्ट लावायचं आणि दहा दिवस तिच्याकडे नुसतं बघायचं. माती श्वास सोडत राहते, सोड्याचं पाणी तो पीत राहतं. दहा दिवसांनी बाटली बाहेर काढून तिच्यात रंगाचे दोन थेंब टाकले की पाणी झकास गुलाबी होतं, लग्नातल्या शालूसारखं. मग वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब आम्ल सोडायचं. एका कुठल्यातरी थेंबाला तो सगळा गुलाबी रंग नाहीसा होतो. माती जितकी जिवंत, तितकं सोड्याचं पाणी आधीच थकलेलं, आणि तितका रंग लवकर जातो.

सहा वर्षं मी हे करते आहे, पण तो एक थेंब पडतो तेव्हा मला अजूनही मनातल्या मनात हसू येतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मातीच्या बरण्यांबरोबर तीन बरण्या रिकाम्या ठेवायच्या असतात. त्यांच्यात माती सोडून बाकी सगळं असतं. हवेत मुळातच जो वायू असतो तो या बरण्या सांगतात, आणि तेवढा वजा करायचा. मॅडम म्हणतात, आमच्याकडचे सर्वात प्रामाणिक कर्मचारी म्हणजे या तीन बरण्या. माझा नंबर चौथा. ही मला मिळालेली सर्वात मोठी शाबासकी आहे.

लोक चित्रविचित्र येतात. हिंजवडीतला एक इंजिनिअर कंपनीच्या बसमधून उतरून थेट आमच्याकडे आला होता, मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन. तुळस वाळून काडी झालेली. त्याची आई पुढच्या आठवड्यात गावाहून यायची होती. “माती जिवंत आहे असं लेखी मिळेल का? म्हणजे चूक तुळशीची होती असं सांगता येईल.” मातीने चांगलाच श्वास सोडला. रिपोर्ट घेताना तो म्हणाला, “म्हणजे आता सगळं माझ्यावरच आलं.”

पण मला सांगायचंय ते रामटेके काकूंबद्दल.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या आल्या. मूळच्या नागपूरच्या, एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघून निवृत्त झालेल्या, आता विश्रांतवाडीत मुलाजवळ राहणाऱ्या. हातात स्टीलचा डबा, डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ, खोली आणि स्वाक्षरी.

“जयभीम, पोरी. इथंच मातीचा श्वास मोजून राहिले ना तुम्ही?”

मी मान डोलावली. एवढ्यावर त्यांनी पुढचा अर्धा तास मला बोलायची वेळ येऊ दिली नाही.

त्यांच्या सोसायटीच्या मागे एक लांबट तुकडा होता. इमारत बांधून झाल्यावर बिल्डरने सगळा राडारोडा तिथे ढकलून दिला होता. त्याच्या सहा वर्षं आधी काकूंनी तिथे जाळीचे गोल पिंजरे उभे केले. रस्त्यावरचा पाचोळा, लोक पोती भरून जाळायला काढतात तो, त्या सकाळी मागून आणायच्या आणि पिंजऱ्यात भरायच्या. त्यावर भाजीची देठं, वापरलेली चहापूड, ताकाचं पाणी. पिंजरा खाली बसला की पसरायचा आणि पुन्हा भरायचा. आता तिथे पपई होती, कढीपत्ता होता, वालाचे वेल होते. आणि आता कमिटीला तिथे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं होतं.

“अध्यक्ष म्हणून राहिले, तो राडारोडा आहे, मेलेली माती आहे. मी म्हटलं, तपासू. तं म्हणाले, समोरच्या लॉनपेक्षा तुमची माती जास्त जिवंत निघाली तर पेव्हरचा विषय मी स्वतः मागे घेतो. मी लेखी घेतलं त्यांच्याकडून. वर आवक क्रमांक टाकला.”

लॉन म्हणजे सोसायटीच्या दारातली हिरवळ. तिला ठेकेदार होता, दर महिन्याला पांढरं खत पडायचं. लॉनच्या मातीची पिशवी वॉचमनने आणून दिली, मोठमोठ्या ढेकळांसकट.

काकूंना निकाल आठ दिवसांत हवा होता, कारण त्या रविवारी कमिटीची बैठक होती. इथे मी चुकले. माती खणली, हलवली, चाळली की आतले जीव बिथरतात आणि काही दिवस जोरजोरात श्वास टाकतात, घर बदललेल्या माणसासारखे. म्हणून प्रयोगशाळेत आलेली माती आधी आठवडाभर विसाव्याला ठेवायची आणि मगच मोजायची. हे मला माहीत होतं. पण समोर काकू बसल्या होत्या आणि ‘जमणार नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी दोन्ही मातींना एक रात्र विसावा दिला आणि बरण्या बंद केल्या. दहाऐवजी पाच दिवस.

काकूंची माती लॉनच्या पाचपट निघाली.

मी तीनदा हिशेब केला आणि फोन केला. पलीकडून काकू कोणाला तरी सांगताना ऐकू आल्या, “पाचपट वं, पाचपट.” रविवारी रिपोर्टचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. पेव्हरवाल्याला थांबवलं गेलं. विषय औपचारिकपणे मागे घ्यायचा तेवढा तीन आठवड्यांनी होणाऱ्या वार्षिक सभेत.

सोमवारी काकू पुडाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. आत ठासून कोथिंबीर, वर कुरकुरीत. मी दुसरी वडी खात होते तेव्हा त्या म्हणाल्या, “नीट आणली म्हणून नीट निघाली. मी तं चार दिवस सावलीत वाळवली होती माती. मग कुटली, मग पिठाच्या चाळणीनं चाळली. आमच्या ऑफिसात मातीपरीक्षणाचं परिपत्रक यायचं, त्यात तसंच लिहिलं राहायचं.”

मी वडी खाली ठेवली. “पण ओली होती ना डब्यात?”

“तुमच्या वेबसाइटवरच्या कागदावर लिहिलं होतं ना, ओलसर आणावी. म्हणून आदल्या रात्री पाणी शिंपडलं. मोजून शिंपडलं.”



नेहमीच्या मातीपरीक्षणात, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश बघताना, माती वाळवूनच आणायची असते. काकूंनी सगळं कागदोपत्री बरोबर केलं होतं. पण श्वासाच्या चाचणीत वाळवणं म्हणजे गडबड. वाळताना कितीतरी जीव मरतात. पाणी पडलं की उरलेले त्यांच्यावर ताव मारतात आणि माती अचानक धापा टाकते. ती धाप दोन-चार दिवसांत ओसरते. मी नेमके तेच दिवस मोजले होते. आठवडाभर विसावा दिला असता तर धाप बरणीबाहेरच विरून गेली असती. त्यांची काळजी आणि माझी घाई, दोन्ही मिळून पाचपट झालं होतं.

हे फक्त मला कळलं होतं. काकू समोर बसून लॉनच्या ठेकेदाराची नक्कल करत होत्या. मी काही बोलले नाही. गप्प राहण्याची मला सवय आहे, आणि त्या दिवशी तिची मला पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बर्वे मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मला का सांगतेस? रिपोर्टवर सही कोणाची आहे?”

“माझी.”

“मग फोनही तुझाच.”

मी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं. काकूंनी फोन घेतल्यावर कागद बाजूला राहिला. जे काही तुटक निघालं ते निघालं. शेवटी मी म्हटलं, “चूक माझी आहे. विसावा मी द्यायला हवा होता.”

त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “म्हणजे माह्या मातीत जीव नाही?”

“आहे, काकू. किती आहे ते मला माहीत नाही.”

“लॉनपेक्षा कमी राहू शकते?”

“राहू शकते.”

“हे अजून कोणाला माहीत आहे?”

“मॅडमना.”

मला वाटलं, त्या आता सांगतील की राहू दे तसंच. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला आजवर विचारलेलं नाही.

“छत्तीस वर्षं आवक-जावक केली मी,” काकू म्हणाल्या. “एकदाही मागची तारीख टाकली नाही. तू ये. तुह्या हातानं माती काढ. अध्यक्षांना मी सांगतो.”

सभेला एकोणीस दिवस उरले होते. सात दिवस विसावा, दहा दिवस बरणी. दुसऱ्याच सकाळी मी विश्रांतवाडीला गेले.

अध्यक्ष देशमाने काका खालीच उभे होते, सकाळी आठला इस्त्रीच्या शर्टात. “आपण श्वासवाल्या का? या. परवापर्यंत पाचपट होतं म्हणे. आज काय भाव आहे?”

“आज माहीत नाही.”

“बरं. रविवारी ग्रुपवर मला पन्नास जणांनी अंगठे पाठवले. ते मी परत करू का ठेवून घेऊ?”

“अहो अध्यक्ष, पोरीला काम करू द्या,” काकू म्हणाल्या.

“करू द्या की. माझी गाडी गेली सहा वर्षं रस्त्यावर झाडाखाली उभी असते, कावळे तिच्यावर काम करतात. मी त्यांनाही काही म्हणत नाही.”

मी दोन्हीकडे वेगवेगळ्या आठ-आठ जागी खणलं. लॉनखाली माती पेढ्यासारखी घट्ट होती, खुरपं वाजत होतं. मागच्या तुकड्यात विटांचे तुकडे निघाले, एका फरशीचा कोपरा निघाला, आणि त्यांच्या मधून काळी, भुसभुशीत, खाली पडली की आवाज न करणारी माती. मी काही बोलले नाही. मागच्या वेळचा माझा आकडा चुकला होता. दोन्ही पिशव्यांवर दोघांच्या सह्या घेतल्या. काकूंनी तारीख आणि वेळही टाकली.

ते सतरा दिवस मी बरण्यांशेजारून अनवाणी चालल्यासारखी चालले. काकू रोज फोन करायच्या आणि मातीबद्दल काही विचारायच्या नाहीत. जेवली का, पाऊस आहे का तिकडे, एवढंच.

अठराव्या दिवशी मी बाटल्या उघडल्या. आधी रिकाम्या बरण्या, मग लॉन, मग काकू. लॉनचा रंग रेंगाळत रेंगाळत गेला. काकूंच्या पहिल्या बाटलीत नेहमीच्या खुणेच्या खूप आधी एक थेंब पडला आणि रंग गेला. मी दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिन्ही एकमेकींच्या जवळ. दुप्पट, आणि वर थोडं. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पाटी वाचावी तसं भिंतीकडे बघितलं, बाहेर गेल्या, आणि व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला, “आता बोलायला हरकत नाही.”

पण बोलायचं सभेत होतं.

सभा पार्किंगमध्येच होती, म्हणजे जे काही पार्किंग होतं त्यात. साठ-सत्तर खुर्च्या, एक माइक. देशमाने काका म्हणाले, “आता आपला खुलासा,” आणि माइक माझ्या हातात दिला. मी माइककडे बघितलं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. शाळेतल्या वर्गात व्हायचं तेच झालं, शब्द सगळे होते, पण कुठल्याच भाषेत बाहेर येईनात.

माझ्या पिशवीत एक काचेचा ग्लास होता, चुन्याच्या निवळीची बाटली, रंगाचा ड्रॉपर आणि कागदी स्ट्रॉ. लहान मुलं असतील तर त्यांना दाखवू म्हणून आणलं होतं. मी माइक खाली ठेवला, ग्लासात अगदी पातळ निवळी ओतली, दोन थेंब टाकले. ग्लास गुलाबी झाला. मागचे लोक उठून बघायला लागले. मी तो ग्लास अध्यक्षांपुढे धरला.

“काय करायचं?” ते म्हणाले.

“फुंका. ओढू नका. नुसतं फुंका.”

देशमाने काकांनी एकदा काकूंकडे बघितलं आणि फुंकायला सुरुवात केली. बुडबुडे आले. रंग फिका झाला, अजून फिका, आणि मग एकदम गेला.

मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, “चला, अध्यक्ष जिवंत आहेत. नोंद करा.”

सगळी सभा हसली, देशमाने काकाही हसले, आणि त्या हसण्यात माझा आवाज कुठूनसा आला. मी म्हटलं, मातीसुद्धा हेच करते, पण हळू. मग पहिली चूक सांगितली. वाळवलेली माती, शिंपडलेलं पाणी, न दिलेला विसावा, माझी सही. पाचपट खरं नव्हतं, असं सांगितलं.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “मग आताचा आकडा तरी खरा कशावरून?”

“या वेळी माती मी काढली. पिशवीवर दोघांच्या सह्या आहेत. आठवडाभर ठेवून मग मोजली. प्रत्येक मातीच्या तीन-तीन बरण्या. कोणाला शंका असेल तर उरलेली माती आमच्याकडे आहे, दुसरीकडे तपासून घ्या. काकूंची माती लॉनच्या दुप्पट जिवंत आहे. दुप्पटहून थोडी जास्त.”

“दुप्पट काय नि पाचपट काय, गाड्या मातीत लावायच्या का?” ते गृहस्थ म्हणाले, आणि काहीजणांनी माना डोलावल्या.

काकूंनी मांडीवरची प्लास्टिकची फाइल घट्ट धरली होती. 

देशमाने काकांनी माइक घेतला. “मी लिहून दिलंय, जास्त निघाली तर विषय मागे घेतो. किती जास्त, ते लिहून घ्यायला बाई विसरल्या. छत्तीस वर्षांत पहिलीच चूक असावी.” ते थांबले. “आणि या मुलीने पाचपट तसंच राहू दिलं असतं, तर मला कधी कळलंही नसतं. तेव्हा दुप्पटवर माझा विश्वास आहे. विषय मागे घेतो. माझी गाडी कावळ्यांकडेच राहील.” मग मागे वळून काकूंना म्हणाले, “पण त्या अर्धमेल्या लॉनचं काय करायचं, तेही आता तुम्हीच सांगा.”

काकूंनी फाइल उघडली, कोरा कागद काढला आणि म्हणाल्या, “लेखी द्या.”

त्या संध्याकाळी मी घरी जेवताना आईला सगळं सांगितलं, सलग, वीस मिनिटं. आईने मधेच पोळी करणं थांबवलं आणि गॅस बंद करून समोर येऊन बसली.

लॉनचा ठेकेदार गेला. पांढरं खत थांबलं. आता लॉनवर पिंजऱ्यातला पाचोळा पसरतात, आणि तो पसरायला देशमाने काका स्वतः जातात, इस्त्रीच्या शर्टात. दर वर्षी दिवाळीच्या आधी दोन पिशव्या येतात. काकूंची पिशवी काकू आणतात, लॉनची देशमाने काका. तोंडावर रुमाल धरून ते बरण्यांपाशी उभे राहतात, कारण पाटी त्यांनी फार मनावर घेतली आहे.

गेल्या महिन्यात या वर्षीच्या बाटल्या उघडल्या. लॉन काकूंच्या मातीच्या अगदी जवळ आलं होतं, थोडंसंच अंतर राहिलं होतं. मी काकूंना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा विचारला.

“एवढं कसं वाढलं?”

“तुमचाच पाचोळा, काकू.”

“ते ठीक आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पोरी, तू विचारलं का त्यांना? वाळवून पाणी तं नाही ना शिंपडलं?”

मी हसले, मोठ्याने. समोर एक बाटली उघडी होती. तिचा आकडा मला पुन्हा घ्यावा लागला.